मधल्या खोलीतला स्टुडिओ

2020 च्या जानेवारीअखेरीस मी बीएसएनएलमधून स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या योजनेत देशभरातली सुमारे 78,000 माणसं एकाच दिवशी निवृत्त झाली, त्यांतला मी एक. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. लोकांचे आवाज एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवले, पण त्यातला एकही साठवून ठेवला नाही. बोलणं संपलं की लाइन मोकळी, हाच तिथला नियम होता. निवृत्तीनंतर मात्र आवाज साठवावेत असं फार वाटू लागलं. मिरजेच्या आमच्या घरात मधली खोली मोकळी होती, जुना लॅपटॉप हाताशी होता आणि फंडाच्या पैशातून थोडे बाजूला काढायला घरातून होकार मिळाला. त्यातून जो छोटासा स्टुडिओ उभा राहिला, त्याने मला काय काय शिकवलं ते इथे लिहून ठेवतो. तुमची खोली निराळी असेल आणि तुम्हाला जपावेसे वाटणारे आवाजही निराळे असतील. त्या हिशेबाने तुम्ही हे वाचालच.

1. ध्वनिमुद्रणात माणसाच्या आधी खोली ऐकू येते. स्टुडिओ म्हटलं की आपण पहिल्यांदा माइकची किंमत विचारतो. त्याऐवजी रिकाम्या खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक कडक टाळी वाजवावी. आमच्या मधल्या खोलीत टाळीमागून एक थरथरती झणझण यायची. समोरासमोरच्या दोन गिलाव्याच्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत राहायच्या. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब. आवाज जिरायला जागाच नव्हती.

यावर काय करायचं ते शोधताना मला हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांची हकिगत सापडली. 1895 मध्ये तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द इतके घुमत की श्रोत्यांना काही कळत नसे. त्याचं कारण शोधायचं काम या तरुण प्राध्यापकाकडे आलं. ते रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या उचलून आणत, सभागृहात मांडत, ऑर्गनची नळी वाजवून थांबवत आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत. रिकाम्या सभागृहात साडेपाच सेकंदांच्या आसपास लागत. गाद्या वाढतील तसा तो वेळ उतरत जाई. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर. वास्तूंच्या ध्वनिशास्त्राचा पाया असा गाद्या वाहून घातला गेला, हे वाचलं आणि माझी भीड चेपली.

आईने जुन्या नऊवारींच्या शिवलेल्या गोधड्या माळ्यावर होत्या. त्या काढल्या, उन्हं दाखवली आणि माइकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर टांगल्या. टांगताना त्या भिंतीला चिकटवायच्या नाहीत, वीत-दीड वीत पुढे ठेवायच्या. भिंतीला लागून हवा जवळजवळ स्थिर असते. थोडं पुढे आलं की ती हलते, आणि त्या हलणाऱ्या हवेचा जोर मुरवायचं काम कापड करतं. खाली सतरंजी घातली, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट सरकवलं. पुन्हा टाळी वाजवली. झणझण गेली होती, नुसती टाळी उरली होती. खर्च झाला तो दोरी आणि हुकांचा.

2. गोधडी आतला आवाज जिरवते, बाहेरचा अडवत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की भिंतींवर फोम लावण्यात माणसाचे बरेच पैसे जातात. मिरज हे रेल्वे जंक्शन. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा सगळ्या दिशांच्या गाड्या इथून जातात. त्यात हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे रुग्णवाहिका रात्रंदिवस. या आवाजांतला खालचा भाग कापडाला दाद देत नाही. सेकंदाला शंभर आवर्तनांच्या आवाजाची एक लाट साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते. दोन बोटं जाडीच्या गोधडीचं तिच्यापुढे काय चालणार? बाहेरचा आवाज अडवायला जड भिंत लागते आणि फट नसलेलं दार लागतं. दाराच्या कडांना रबरी पट्टी लावली, उंबऱ्याशी जुना टॉवेल गुंडाळून ठेवला. यापुढचं काम मात्र घड्याळाने केलं.

प्रत्येक गल्लीला स्वतःचं वेळापत्रक असतं. आमच्याकडे पहाटे पाण्याच्या मोटारी, मग कुकरच्या शिट्ट्या, शाळेच्या रिक्षा, भंगारवाला, दुपारी शेजारची शिलाई मशीन, संध्याकाळी क्लासची मुलं. दुपारी अडीच ते चार आणि रात्री साडेदहानंतर, एवढ्या दोनच फटी. गणपतीचे आणि नवरात्राचे दिवस सोडूनच द्यायचे. नोकरी करणाऱ्याला या फटी सापडल्या तरी वापरता येत नाहीत. आपल्याला त्या वापरता येतात, आणि स्वस्तातल्या स्टुडिओची खरी पुंजी ती हीच.

3. जास्त ऐकणारा माइक आपल्या घरासाठी चांगला असतोच असं नाही. दुकानात बहुधा कंडेन्सर माइक पुढे करतात. त्याला इंटरफेसमधून 48 व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो फार बारीक ऐकतो. उत्तम स्टुडिओत तो हवाच. पण ज्या खोलीत तिसऱ्या घरातली फोडणी ऐकू येते, तिथे तो फोडणीही टिपतो. साधा डायनॅमिक माइक तोंडाजवळचं ऐकतो आणि दूरचं बरंचसं सोडून देतो. भाषणांच्या मंचावर, भजनात, ऑर्केस्ट्रात आपण जो जाळीच्या गोल डोक्याचा माइक पाहतो, तो शुअरचा एसएम 58 हा 1966 पासून चालत आलेला डायनॅमिक माइकच आहे. आमच्या मधल्या खोलीला तोच मानवला.

पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला अशा सामानाची दुकानं ओळीने आहेत. तिथे हातात घेऊन, कानाला लावून बघता येतं. माइक, दोन माइक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, स्टँड, केबल आणि फुंकर अडवणारी जाळी, एवढं सगळं वीस-बावीस हजारांत बसलं. मुद्रणासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर वापरतो. ते 2000 पासून मोफत मिळतं आणि माणसाच्या आवाजाच्या कामाला पुरून उरतं. ज्यांच्याकडे हेही पैसे नाहीत त्यांच्याविषयी शेवटी लिहितो.

4. मराठी बोलताना तोंडातून पुष्कळ वारा जातो. हे मला माइकने दाखवलं. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही आपली महाप्राण अक्षरं. त्यातही 'भ' आणि 'फ' ओठांतून सुटताना हवेचा एक झोतच बाहेर फेकतात. तो सरळ माइकच्या पडद्यावर आदळला की मुद्रणात धप्पकन ठोका पडतो. 'भाकरी', 'फणस', 'भिंतीभोवती' असे शब्द माइकसमोर एकदा म्हणून पाहा. वाचणाऱ्याला 'हळू म्हणा' सांगून उपयोग होत नाही, अक्षराचा प्राणच जातो. त्यापेक्षा माइक तोंडासमोरून काढून ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत, थोडा तिरका ठेवायचा. झोत बाजूने निघून जातो आणि आवाज माइकला मिळतो.

अंतर एक वीत. त्याहून जवळ गेलं की या प्रकारचा माइक आवाजातला खर्ज फुगवतो. निवेदकांचा तो भारदस्त आवाज बऱ्याच अंशी या जवळिकीचा असतो. पाच मिनिटं तो कानाला गोड वाटतो, तासभर ऐकायचं तर शब्द बुजतात.

5. गुणगुण आली की माइकवर संशय घेण्याआधी भिंतीतल्या वायरिंगकडे बघावं. नोकरीतलं ज्ञान मला इथे सरळ उपयोगी पडलं. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, त्यामुळे ती आवाजात शिरली की 50 आणि 100 वरचा तो ओळखीचा घुमारा येतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा, बऱ्याच घरांत तो तिथेच थांबेल. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि जुन्या ट्यूबचा चोक हे पुढचे संशयित. आणि अर्थिंग. जुन्या घरांत मीठ-कोळशाचा खड्डा वर्षानुवर्षं पाण्यावाचून कोरडा पडलेला असतो. वायरमनला बोलावून तो तपासून घ्या. स्टुडिओपेक्षा घरातल्या माणसांच्या जिवासाठी ते जास्त गरजेचं आहे.

6. आवाज भरून मुद्रित व्हावा हा जुना हव्यास आता सोडायला हवा. टेपच्या काळात आवाज जोरात भरावा लागे, नाहीतर टेपची सरसर वर येई. आणि थोडा जास्त झाला तरी टेप सांभाळून घेई. संगणकात शून्य डेसिबल ही शेवटची रेघ. तिच्यावर गेलेला आवाज वरून छाटला जातो आणि तो काही केल्या परत मिळत नाही. म्हणून सगळ्यात मोठ्या शब्दालाही काटा उणे बाराच्या आसपास राहील एवढाच गेन ठेवायचा. 24 बिटांत मुद्रण केलं की खाली भरपूर जागा असते, आवाज नंतर वाढवता येतो.

आमच्या डिजिटल एक्स्चेंजमध्ये आवाजाचे सेकंदाला 8,000 नमुने घेत, प्रत्येक नमुना 8 बिटांचा. सगळी फोनवरची बोलणी, लग्नाची, मयताची, नोकरी लागल्याची, तेवढ्यात मावत. आज मधल्या खोलीत मी सेकंदाला 48,000 नमुने घेतो, प्रत्येक 24 बिटांचा. एका माइकच्या तासाभराच्या मुद्रणाची फाइल साधारण 520 एमबीची होते. ज्याच्या हाताखालून आयुष्यभर ते आठ हजार नमुने गेले, त्याला या चैनीचं अप्रूप अजून वाटतं.

7. माझे कान साठीचे आहेत, आणि मुद्रण ऐकणाऱ्यांचे तसे असतीलच असं नाही. माणसाचा कान 20 ते 20,000 आवर्तनांपर्यंत ऐकतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं. वय वाढतं तशी वरची बाजू आधी कमी होते. साठीत दहा-बारा हजारांच्या पुढचं बहुतेकांना ऐकू येत नाही. जुन्या डब्यासारख्या टीव्हीतून 15,625 आवर्तनांची एक बारीक शीळ येत असे. तरुणपणी ती मला दुसऱ्या खोलीतून ऐकू यायची, आणि पुढे कधी बंद झाली ते कळलंही नाही.

शेजारची नववीतली मुलगी एकदा सहज हेडफोन लावून बसली आणि म्हणाली, "काका, मागे सारखं किर्र वाजतंय." मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. ऑडॅसिटीत आवाज चित्ररूपात दाखवणारा स्पेक्ट्रोग्राम असतो, तो उघडला. वरच्या टोकाला, पंधरा हजारांच्या जवळ, एक सरळ बारीक रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेलेली होती. लगतच्या बोर्डावर लावलेल्या मोबाइल चार्जरचा तो आवाज. चार्जर काढला, रेघ गेली. जे मला ऐकू येत नाही ते डोळ्यांनी पाहता येतं, याचं मोठं समाधान वाटलं. तरीही तेव्हापासून एखाद्या तरुण कानाने ऐकल्याशिवाय मी फाइल कोणाला देत नाही. ती मुलगी आता फार बारकाईने ऐकते. तिला मी या स्टुडिओची पहिली तपासनीस मानतो.

8. 'आता म्हण' असं म्हटल्यावर कुणालाच काही आठवत नाही. माझी आत्ती ऐंशीच्या पुढची. जात्यावरच्या ओव्या तिच्याइतक्या आमच्या घराण्यात आता कुणाला येत नाहीत. तिला आणलं, खुर्चीवर बसवलं, माइक लावला. ती गप्प. दोन-तीन ओव्या तुटकतुटक आल्या आणि थांबल्या. मग तीच म्हणाली, "आरं, आसं बसून कुटं येतंय व्हय? हात हलल्याबिगर तोंडात येत न्हाई."

मागच्या दारी जुनं जातं पडलं होतं. ते धुऊन आत आणलं. ती सतरंजीवर एक पाय पसरून, एक दुमडून बसली, तिने खुंटा धरला आणि रिकामंच जातं फिरवलं. दगडाची घरघर इतकी मोठी की शब्द त्यात बुडाले. वरचा दगड उचलून आत गोणपाटाचा तुकडा घातला. आवाज मंदावला, हाताला मात्र जडपणा राहिला. माइक तिच्या छातीच्या उंचीला, जात्याकडे पाठ करून लावला; असा माइक मागच्या बाजूचं कमी ऐकतो. मग ओवी सुरू झाली. एका फेऱ्यात अर्धी ओळ, पुढच्या फेऱ्यात उरलेली, आणि ओळ संपताना हात किंचित सैल. एकीच्या शेपटाला धरून दुसरी येत होती. मधेच ती थांबायची, "ही सासरची बरं का, म्हायेरची येगळी," असं सांगायची आणि पुन्हा खुंटा धरायची. बांगड्या दर फेऱ्याला खुंट्याशी वाजत होत्या. त्या काढायला सांगाव्यात असं मनात आलं, पण तिच्या हाताकडे पाहिलं आणि राहू दिल्या. आज ते मुद्रण ऐकताना बांगड्यांमुळेच हात कुठे आहे ते कळतं.

अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. ते काम आज 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) ऑनलाइन संग्रहात सर्वांसाठी खुलं आहे. त्या डोंगरापुढे आमच्या आत्तीच्या ओव्या म्हणजे मूठभर. पण तिच्या नणंदांची, आमच्या मळ्याची आणि विहिरीची नावं असलेल्या ओव्या तिच्याशिवाय कुणाकडेच नव्हत्या.

9. श्वास कापायचे नसतात. संपादन करायला बसलं की हात शिवशिवतो. प्रत्येक खाकरा, प्रत्येक श्वास, प्रत्येक थांबा छाटून टाकावासा वाटतो. श्वास काढलेलं वाचन ऐकवत नाही, कारण ऐकणाराही वाचणाऱ्याबरोबर श्वास घेत असतो. लांब वाक्याआधीचा मोठा श्वास फक्त थोडा हळू करायचा. मागची सरसर काढायची सोय ऑडॅसिटीत आहे, पण तिचा वापर बेताने. फार ओढलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. त्यासाठी बैठकीच्या सुरुवातीला अर्धं मिनिट कोणीच काही न बोलता खोलीची नुसती शांतता मुद्रित करून ठेवायची. चुकलेला शब्द काढल्यावर मध्ये पडणारी फट त्याच शांततेने भरायची. साधी कोरी शांतता तिथे घातली तर कानाला खड्डा जाणवतो. तासाभराच्या मुद्रणाला तीन-चार तास संपादन धरून चालावं.

10. ज्याच्यासाठी वाचतो त्याला आधी विचारावं. आमच्या ओळखीचा बीएला असलेला एक दृष्टिहीन विद्यार्थी आहे. त्याच्यासाठी पुस्तकं वाचायचं ठरलं तेव्हा मी आणि शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई आवाजात रंग भरायच्या तयारीला लागलो होतो. तो म्हणाला, "काका, नाटकासारखं नको. मी दीडपट, कधी दुप्पट वेगाने ऐकतो. संगीत घालू नका. पानाचा आकडा मात्र दर पानाला सांगा, परीक्षेत संदर्भ द्यावा लागतो." इतकं नेमकं मागणं! त्याच्यासाठी वाचताना शब्दांची टोकं स्पष्ट लागतात, वेग एकसारखा लागतो, तळटीप कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते सांगावं लागतं. बाईंनी ते दोन बैठकींत आत्मसात केलं. चाळीस मुलांच्या वर्गाला शुद्धलेखन घातलेल्या आवाजाला ते जड गेलं नाही.

कायद्याचंही थोडं समजून घ्यावं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं पुस्तकाचा कॉपीराइट राहतो. लक्ष्मीबाई टिळक 1936 मध्ये गेल्या, साने गुरुजी 1950 मध्ये. त्यामुळे 'स्मृतिचित्रे' किंवा 'श्यामची आई' कुणीही वाचून मुद्रित करावं. अलीकडच्या पुस्तकांसाठी कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली. अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा रूपात, नफा न घेता, पुस्तक करून देता येतं. याच हेतूने 2013 मध्ये माराकेश करार झाला आणि 2014 मध्ये त्याला सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने. ही तरतूद किती थोड्या लोकांना माहीत आहे याचं वाईट वाटतं. फक्त एक लक्षात ठेवायचं: असं मुद्रण ज्याच्यासाठी केलं त्याच्याकडेच जावं, सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरवू नये.

11. तंबोऱ्याने मला ऐकायला शिकवलं. मिरज तंबोऱ्यांचं गाव; इथल्या सतार-तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एका कारागिरांनी नवा जोड लावला होता, तो मुद्रित करून मागितला. डायनॅमिक माइकने तंबोरा टिपला खरा, पण त्यात झळाळी नव्हती. ओळखीच्याकडून एक दिवस कंडेन्सर आणला आणि रात्री साडेअकरानंतर बसलो. घोडीच्या अगदी जवळ माइक ठेवला तर खरखराट जास्त येतो. दोन-अडीच हात दूर, भोपळ्याच्या वरच्या अंगाला, थोडा तिरका ठेवला तेव्हा जवारी, म्हणजे तारांचा तो भरीव झंकार, बोलू लागली. कारागीर तारेखालचं सूत केसभर सरकवत होते आणि पडद्यावर वरच्या स्वरांच्या रेघा एकेक करून उजळत होत्या. सूत आणखी जरा सरकलं की त्या मालवायच्या. कानाला ते हेडफोन न लावताच कळत होतं. पडद्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

तेव्हा टेलिफोनमधली एक जुनी गोष्ट नव्याने उमगली. फोनची लाइन 300 ते 3,400 आवर्तनांपर्यंतचाच आवाज नेते. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर शंभर-दीडशेवर असतो, म्हणजे तो तारेतून जातच नाही. तरी आपण 'अहो बाबा' म्हणतो, कारण वरच्या स्वरांवरून कान मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. इतकी वर्षं आम्ही माणसांचे अर्धेच आवाज पोचवले आणि उरलेले ऐकणाऱ्यांनी आपल्या आठवणीतून पुरे केले. म्हणून आता मधल्या खोलीत कुणाचा आवाज पुरता उतरला की मला खरंच भरून येतं.

12. मुद्रण करणं हे निम्मं काम. नाव घालून ठेवणं हे उरलेलं निम्मं. घरोघरी कॅसेटींचे डबे आहेत आणि वर 'मे महिना' एवढंच लिहिलेलं. आमच्याकडे बोलणारा माणूस सुरुवातीलाच स्वतःचं नाव, गाव आणि तारीख सांगतो. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं तबकड्यांसाठी मुद्रित झालं तेव्हा त्या गाण्याच्या शेवटी आपलं नाव सांगत, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तिथल्यांना गायिका कोण ते कळायला हवं. आज नावं लिहायची सोय आहे, पण लेबल सुटतं, फाइलचं नाव बदलतं. आवाजातलं नाव आवाजाबरोबर राहतं.

मूळ फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात, तीन प्रती, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा सांगली-मिरजेच्या किती घरांतले अल्बम, कॅसेटी, हार्डडिस्क चिखलात गेल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. आमची तिसरी प्रत पुण्याला मुलीकडे असते. पावसाळ्यात माइक आणि केबल घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. एवढी काळजी पुरते.

आता ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांच्यासाठी. फोनमध्ये रेकॉर्डर असतो. कपड्यांनी भरलेलं लोखंडी कपाट उघडं ठेवून त्याच्यासमोर घरातल्या सर्वांत वडील माणसाला बसवा. फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन त्यांच्या तोंडापासून एक वीत दूर, उशीवर ठेवा. त्यांना विचारा की रेकॉर्ड केलं तर चालेल का. मग नाव, गाव, तारीख विचारा आणि त्यांच्या हाताला सवयीचं काम द्या, निवडायला तांदूळ द्या, वाती द्या. पुढचं ते बोलतील. कृपा करून हे या आठवड्यात करा, दिवाळीच्या सुट्टीवर ढकलू नका. आणि काम झालं की ती फाइल दुसऱ्या गावातल्या कुणालातरी त्याच दिवशी पाठवा.